टर्मिनल हातात घेताना आणि परत ठेवताना: लिनक्सवर सी भाषेतून टर्मिओस वापरण्याची रीत

पासवर्ड टाइप होताना पडद्यावर दिसायला नको. एंटरची वाट न पाहता एका कळीसरशी प्रोग्रॅम पुढे सरकायला हवा. सीरिअल पोर्टवरून येणारा प्रत्येक बाइट जसाच्या तसा मिळायला हवा. ही तिन्ही कामं वरवर वेगळी वाटतात, पण ती होतात एकाच ठिकाणी. ते ठिकाण म्हणजे टर्मिओस नावाचं स्ट्रक्चर आणि त्याभोवतीची डझनभर फंक्शनं. जुन्या युनिक्सांवर यासाठी वेगवेगळे मार्ग होते. १९८८ च्या पॉसिक्स या युनिक्ससारख्या प्रणालींसाठीच्या सामाईक मानकाने ते एकत्र आणले आणि आज लिनक्स, मॅकओएस आणि बीएसडी या सगळ्यांवर हाच मार्ग चालतो. इथले आकडे आणि बारकावे लिनक्सचे आहेत.

नावांबद्दल एक सूचना. फंक्शनं आणि फ्लॅग यांची नावं पुढे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. कोडमध्ये लिहिताना स्पेलिंगसाठी मॅन कमांडने टर्मिओसचं पान शेजारच्या खिडकीत उघडून ठेवा. हे पान असंही सतत लागतंच.

आधी हे पक्कं करा: सेटिंग कुणाची?

कळ दाबल्यावर तिचा बाइट थेट तुमच्या रीड कॉलपर्यंत येत नाही. वाटेत कर्नलमध्ये लाइन डिसिप्लिन नावाचा थर बसलेला असतो. अक्षर पडद्यावर परत उमटवणं, बॅकस्पेसने खोडणं, कंट्रोल-सी दिसताच सिगिंट सिग्नल पाठवणं आणि एंटर येईपर्यंत ओळ अडवून ठेवणं ही सगळी कामं तो करतो. तुमच्या प्रोग्रॅमला यातलं काहीच दिसत नाही, त्याला तयार ओळ मिळते.

या थराची सेटिंग टर्मिनल उपकरणाची असते, प्रोसेसची नसते. शेल, तुमचा प्रोग्रॅम आणि पार्श्वभूमीत चाललेलं दुसरं काही, या सगळ्यांसाठी ती एकच असते. प्रोसेस संपली की कर्नल तिची मेमरी सोडवतो, फाइली बंद करतो, पण टर्मिनलची सेटिंग पूर्ववत करत नाही. या विषयातल्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात, म्हणून पुढच्या प्रत्येक पायरीवर परत ठेवण्याचा विचार घेण्याच्या आधी करायचा आहे.

कोड लिहिण्याआधी टर्मिनलवर एसटीटीवाय कमांड -ए पर्यायासह चालवा. वरच्या ओळीत वेग, ओळी आणि स्तंभ दिसतात, मग कंट्रोल कळींची यादी, मग फ्लॅग. ज्या फ्लॅगच्या आधी उणे चिन्ह आहे तो बंद, बाकीचे चालू. यातली बहुतेक नावं टर्मिओसमधल्या एकेका बिटाशी जुळतात. स्ट्रक्चरमध्ये चार फ्लॅग-समूह आहेत: आत येणाऱ्या बाइटांसाठी, बाहेर जाणाऱ्यांसाठी, हार्डवेअरसाठी आणि ‘लोकल’ म्हणजे वापरणाऱ्याशी चाललेल्या व्यवहारासाठी. पाचवा भाग हा कंट्रोल अक्षरांचा ॲरे. एको (टाइप केलेलं पडद्यावर उमटवणं), आयकॅनन (एंटर येईपर्यंत ओळ अडवून ठेवणं) आणि आयसिग (कंट्रोल-सीसारख्या कळींवर सिग्नल पाठवणं) हे सर्वांत जास्त लागणारे तीन फ्लॅग लोकल समूहात आहेत.

मूळ क्रम

१. फाइल डिस्क्रिप्टर (उघडलेल्या फाइलीचा किंवा उपकरणाचा क्रमांक) टर्मिनलचा आहे का, हे इझएटीटीवायने तपासा. पाइप किंवा फाइल असेल तर टीसीगेटॲटर उणे एक देतं आणि एररनो या चूक-क्रमांकाच्या चलात ईनॉटटीटीवाय म्हणजे २५ येतो. अशा वेळी प्रोग्रॅमने रडू नये, साध्या मार्गाने वाचत राहावं.

२. टीसीगेटॲटरने सध्याची सेटिंग ‘मूळ’ नावाच्या स्ट्रक्चरमध्ये घ्या. याला पुन्हा हात लावायचा नाही.

३. मूळची प्रत ‘नवीन’मध्ये करा आणि बदल फक्त नवीनमध्ये करा. बिट बंद करायला उलटवलेल्या मास्कशी अँड, चालू करायला ऑर. स्ट्रक्चर शून्याने भरून त्यात हवे तेवढे बिट लावण्याचा मोह टाळा. तसं केलं तर कंट्रोल-सी, बॅकस्पेस, वेग, आठ बिटांची सेटिंग हे सगळं एका फटक्यात पुसलं जातं.

४. टीसीसेटॲटरने ती लावा. बदल केव्हा लागू व्हावा हे दुसरा आर्ग्युमेंट ठरवतो. टीसीएसए-नाऊ म्हणजे ताबडतोब. टीसीएसए-ड्रेन म्हणजे लिहिलेलं सगळं बाहेर गेल्यावर. टीसीएसए-फ्लश म्हणजे बाहेर गेल्यावर, आणि आत आलेलं पण अजून न वाचलेलं टाकून देऊन. आउटपुटशी संबंधित बिट बदलत असाल तर नाऊ वापरू नका, आधीच्या मजकुराचं शेपूट नव्या नियमांनी छापलं जाऊ शकतं.

५. पुन्हा एकदा टीसीगेटॲटर करून हवे ते बिट खरंच लागले का पाहा. मागितलेल्या बदलांपैकी एक जरी जमला तरी टीसीसेटॲटर यश कळवतं. पडद्यावरच्या टर्मिनलला याचा त्रास क्वचित होतो, पण सीरिअल पोर्टवर ड्रायव्हरला न पेलणारा वेग मागितला तर हीच तपासणी वाचवते.

पासवर्ड विचारणं

स्टँडर्ड इनपुटवर अवलंबून राहू नका, तिथे पाइप जोडलेला असू शकतो. /डेव्ह/टीटीवाय वाचायला आणि लिहायला उघडा. प्रोसेसला टर्मिनलच नसेल तर उघडणं ईएनएक्सआयओ ही चूक देऊन फसतं. तिथे पासवर्ड विचारणं सोडून द्यावं, उघड्यावर विचारू नये.

नंतर एको बंद करा, एकोएनएल चालू करा आणि फ्लश पद्धतीने लावा. एकोएनएलमुळे एंटर दाबल्यावर पडद्यावर नवी ओळ येते, बाकी काही उमटत नाही. आयकॅनन चालूच राहू द्या, म्हणजे बॅकस्पेस कर्नल सांभाळतो. सूचनेचा मजकूर एको बंद केल्यानंतरच छापा. आधी छापला तर चपळ बोटांनी टाइप केलेली पहिली दोन-चार अक्षरं पडद्यावर दिसतात आणि मग फ्लशमध्ये वाहूनही जातात. ‘पासवर्ड चुकीचा’ अशी तक्रार येते आणि कारण कुणाला सापडत नाही.

वाचताना सरळ रीड वापरा. एफगेट्सच्या बफरमध्ये पासवर्डची आणखी एक प्रत राहते आणि ती पुसणं तुमच्या हातात नसतं. पूर्ववत करतानाही फ्लशच हवं. पासवर्ड तुमच्या बफरपेक्षा लांब निघाला तर उरलेला तुकडा कर्नलच्या रांगेत थांबतो, आणि प्रोग्रॅम संपताच शेल तो कमांड समजून वाचतो. तिथून तो शेलच्या इतिहासाच्या फाइलीत जातो. काम झाल्यावर मेमरी एक्सप्लिसिट-बीझीरोने पुसा. मेमसेटची शेवटची ओळ कंपायलर ‘निरुपयोगी’ म्हणून काढून टाकू शकतो.

एका कळीवर उत्तर: व्हीमिन आणि व्हीटाइम

आयकॅनन आणि एको बंद करा, आयसिग चालू ठेवा. कंट्रोल-सीने बाहेर पडता येणं हा वापरणाऱ्याचा हक्क आहे, गरज नसताना तो काढून घेऊ नये.

आयकॅनन बंद झाला की ‘ओळ’ ही कल्पनाच उरत नाही. मग रीडने केव्हा परतायचं? ते कंट्रोल ॲरेमधल्या दोन जागा ठरवतात. व्हीमिन म्हणजे किमान किती बाइट, व्हीटाइम म्हणजे किती वेळ, सेकंदाच्या दहाव्या भागात. खण एका बाइटचा असल्याने कमाल २५५, म्हणजे साडेपंचवीस सेकंद.

व्हीमिन १ आणि व्हीटाइम ० ठेवलं तर निदान एक बाइट येईपर्यंत रीड थांबून राहतो. मेन्यू, ‘हो किंवा नाही’, खेळ, सगळ्यांना हेच पुरतं. दोन्ही शून्य ठेवलं तर रीड थांबतच नाही. काही नसेल तर शून्य परत करतो, आणि तुमचा लूप मध्ये कुठेही न थांबता प्रोसेसरचा एक कोअर पूर्ण खाऊन बसतो. व्हीमिन ० आणि व्हीटाइम ५ म्हणजे अर्ध्या सेकंदाची मुदत: बाइट आला तर लगेच, नाही तर मुदत संपल्यावर शून्य. चौथी जोडी फसवी आहे. व्हीमिन आणि व्हीटाइम दोन्ही शून्याहून मोठे असतील तर घड्याळ पहिला बाइट आल्यानंतरच सुरू होतं आणि प्रत्येक बाइटागणिक नव्याने मोजतं. पहिला बाइट आलाच नाही तर रीड कायमचा अडकतो. टाइमआउट हवा म्हणून ही जोडी निवडणारे इथेच फसतात.

या दोन्ही किमती स्पष्ट लिहाच. काही प्रणालींवर व्हीमिन आणि व्हीईओएफ (इनपुट संपल्याचं अक्षर) एकाच खणात राहतात. तिथे जुनी किंमत कंट्रोल-डीची, म्हणजे ४ असते, आणि चार कळा दाबेपर्यंत प्रोग्रॅम ढिम्म हलत नाही.

न थांबणारं वाचन हवं म्हणून ओ-नॉनब्लॉक लावू नका. तो बिट फाइलच्या उघडलेल्या नोंदीवर बसतो आणि ती नोंद शेलशी सामाईक असते. तुमच्यानंतर त्याच टर्मिनलवरून वाचणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रॅमला अकारण ईअगेन (‘आत्ता काही नाही’ ही चूक) मिळू लागतो. पोल, म्हणजे बाइट आला का याची ठरावीक मुदतीपर्यंत वाट पाहणारा कॉल, वापरा.

बाणाची कळ एक बाइट पाठवत नाही. वरचा बाण २७, ९१, ६५ असे तीन पाठवतो, काही मोडमध्ये मधला ९१ ऐवजी ७९ असतो. एस्केप कळ नुसता २७ पाठवते. दोन्हींत फरक करायला २७ मिळाल्यावर पोलने ५० ते १०० मिलिसेकंद वाट पाहा. पुढे काही आलं नाही तर ती एस्केप. संथ नेटवर्कवर ही मुदत थोडी वाढवावी लागते.

आणखी एक नेहमीची अडचण: प्रिंटएफने छापलेली सूचना दिसतच नाही. टर्मिनलवर एसटीडीआयओ ओळीगणिक बफर करतं आणि सूचनेच्या शेवटी नवी ओळ नसते. रीड हा थेट सिस्टिम कॉल आहे, त्याला त्या बफरची खबर नसते. रीडच्या आधी एफफ्लश करा.

देवनागरी आणि टर्मिनल

इंग्रजीपुरतं लिहिलेलं टर्मिनल कोड मराठी मजकूर आला की उघडं पडतं, म्हणून इथे जरा थांबू.

यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं आहे. ‘क’ म्हणजे २२४, १६४, १४९. वाचलेला बाइट नुसत्या ‘चार’ (char) प्रकारात ठेवलात तर एक्स८६ वर २२४ चा उणे ३२ होतो आणि तुलना चुकतात, म्हणून ‘अनसाइन्ड चार’ वापरा. पहिला बाइट २२४ ते २३९ असेल तर आणखी दोन वाचायचे. तरीही ‘एक अक्षर’ पूर्ण होत नाही. ‘क्षि’ वाचणाऱ्याला एकच अक्षर आहे, पण त्यात क, हलन्त, ष आणि वेलांटी अशी चार चिन्हं, म्हणजे बारा बाइट येतात.

आयकॅनन चालू असताना बॅकस्पेस कर्नल हाताळतो, आणि तिथे आयूटीएफ८ हा फ्लॅग निर्णायक ठरतो. तो लिनक्समध्ये २.६.४ पासून आहे. तो बंद असेल तर कर्नल प्रत्येक बाइटला एक अक्षर समजतो. ‘म’ टाइप करून एकदा बॅकस्पेस दाबा. पडद्यावरून म जातो, वापरणाऱ्याला वाटतं खोडला गेला. बफरमध्ये मात्र २२४ आणि १६४ तसेच बसलेले असतात आणि फाइलीत किंवा डेटाबेसमध्ये तुटका मजकूर जातो. आणखी दोनदा दाबलं तर ते बाइट जातात, पण पडद्यावर आधीची अक्षरं, अगदी प्रॉम्प्टसुद्धा, पुसली जातात. आजचे बहुतेक टर्मिनल एम्युलेटर हा फ्लॅग स्वतः लावतात. सीरिअल कन्सोलवर आणि जुन्या एसएसएच जोडण्यांवर तो बंद सापडतो. एसएसएचमधून तो पलीकडे कळवण्याची रीत २०१७ च्या आरएफसी ८१६० ने ठरवली.

फ्लॅग चालू असला तरी सगळं सुटत नाही. कर्नल चिन्हं मोजतो, त्यांची रुंदी नाही. ‘कु’ लिहून बॅकस्पेस दाबला तर बफरमधून फक्त उकार जातो, पण कर्सर एक घर मागे येतो आणि पडद्यावरचा क पुसला जातो. उकाराने मुळात वेगळं घर घेतलेलंच नव्हतं. मराठी ओळ नीट संपादित करू द्यायची असेल तर कॅनॉनिकल मोडचा, म्हणजे आयकॅनन चालू ठेवण्याचा, नाद सोडून रीडलाइनसारखी लायब्ररी घ्या, किंवा आयकॅनन बंद करून डब्ल्यूसीविड्थने रुंदी मोजत स्वतः खोडा.

कॅनॉनिकल ओळीला मर्यादाही आहे: नव्या ओळीसह ४,०९६ बाइट. ४,०९५ नंतरचं सगळं, शेवटची नवी ओळ सोडून, मुकाट्याने टाकलं जातं. देवनागरीत याचा अर्थ १,३६५ चिन्हं. मात्रा आणि हलन्त धरून हा एक मोठा परिच्छेद झाला, आणि चिकटवलेला मजकूर मध्येच का तुटतो याचं उत्तर बहुधा हेच असतं.

मग आयस्ट्रिप. हा फ्लॅग प्रत्येक बाइटचा आठवा बिट काढून टाकतो. सहसा तो बंद असतो, पण सात बिटांच्या काळातल्या एखाद्या लॉगिन स्क्रिप्टने चालू केलेला असेल तर पाहा काय होतं. बिट आधी छाटला जातो, आणि कंट्रोल अक्षर ओळखण्याचं काम त्यानंतर होतं. ‘क’चा शेवटचा बाइट १४९ चा २१ होतो, म्हणजे कंट्रोल-यू, आणि अख्खी ओळ पुसली जाते. ‘च’चा शेवट २६ होतो, कंट्रोल-झेड, प्रोग्रॅम थांबतो. ‘ओ’चा १९ होतो, कंट्रोल-एस, पडदा गोठतो. विसर्गाचा ३ होतो, कंट्रोल-सी. हलन्ताचा १३ होतो, म्हणजे पाय मोडला की एंटर. ‘मराठी टाइप केलं की टर्मिनल वेड्यासारखं वागतं’ अशी तक्रार आली तर एसटीटीवायच्या यादीत सर्वांत आधी आयस्ट्रिप शोधा.

पूर्ण रॉ मोड आणि सीरिअल पोर्ट

रॉ मोड म्हणजे कर्नलने मध्ये काही न करता बाइट जसेच्या तसे देणं. संपादक किंवा टर्मिनलवरचा पूर्ण-पडदा प्रोग्रॅम लिहायचा तर सीएफमेकरॉ एका हाकेत सगळे बिट लावतं. ते काय करतं हे तरी माहीत असावं. आयकॅनन, एको, आयसिग, आयएक्स्टेन बंद. इनपुटमधला आयक्सऑन (कंट्रोल-एसने आउटपुट थांबवणारा, कंट्रोल-क्यूने सुरू करणारा) बंद, नाही तर १७ आणि १९ हे बाइट कर्नल गिळतो. आयसीआरएनएल बंद, नाही तर १३ चा १० होतो. आयस्ट्रिप बंद, सीएस८ (आठ बिटांचा बाइट) चालू. आणि ओपोस्ट (बाहेर जाणाऱ्या मजकुरावरची प्रक्रिया) बंद.

ओपोस्टचा परिणाम लगेच दिसतो: छापलेल्या ओळी जिन्याच्या पायऱ्यांसारख्या उजवीकडे सरकत जातात. नवी ओळ म्हणजे आता फक्त खाली जाणं, डावीकडे परतणं नाही. प्रत्येक ओळीच्या शेवटी १३ आणि १० दोन्ही लिहा, किंवा ओपोस्ट पुन्हा चालू करा. इनपुट रॉ आणि आउटपुट साधं, ही जोडी अगदी चालते.

सीरिअल पोर्टवर रॉ मोड हा शोभेचा पर्याय नाही, आवश्यक आहे. सेन्सरकडून येणारी १९ ही किंमत आयक्सऑन चालू असेल तर तुमच्यापर्यंत येतच नाही, उलट तुमचं लिहिणं थांबवून ठेवते. पोर्ट ओ-नोसीटीटीवायसह उघडा, नाही तर तो प्रोसेसचं नियंत्रक टर्मिनल बनू शकतो. सीलोकल (मोडेमच्या नियंत्रण-तारांकडे दुर्लक्ष) आणि सीरीड (बाइट स्वीकारणं) चालू करा, सीआरटीएससीटीएस (तारांवरून चालणारं फ्लो कंट्रोल) वायर खरंच जोडली असेल तरच लावा, वेग सीएफसेटआयस्पीड आणि सीएफसेटओस्पीडने द्या. किंमत म्हणून ९६०० हा आकडा नाही, बी९६०० हा स्थिरांक द्यायचा.

परत ठेवणं

साधं संपणं ॲटएक्झिटमध्ये नोंदवलेल्या फंक्शनने सांभाळलं जातं. पण ॲटएक्झिट सिग्नलने मरताना चालत नाही. त्यामुळे सिगिंट, सिगटर्म, सिगहप, सिगक्विट आणि सेगफॉल्टच्या सिगसेगव्हीसाठी हँडलर लावा: त्यात मूळ सेटिंग लावायची, सिग्नलची वागणूक डिफॉल्टवर न्यायची आणि तोच सिग्नल स्वतःला पुन्हा पाठवायचा. टीसीसेटॲटर हँडलरमधून बोलावणं सुरक्षित आहे, प्रिंटएफ नाही.

फोर्क केलं असेल तर बाल-प्रोसेसने अंडरस्कोर-एक्झिट वापरावं. नाही तर तीही ॲटएक्झिट चालवते आणि पालक अजून रॉ मोडमध्ये काम करत असताना टर्मिनल त्याच्या हातून काढून घेते.

कंट्रोल-झेड सर्वांत जास्त विसरलं जातं. ती कळ पाठवते त्या सिगटीस्टॉप सिग्नलच्या हँडलरमध्ये क्रम असा ठेवा. एररनो जपा. सध्याची सेटिंग घ्या आणि मूळ लावा. सिगटीस्टॉप डिफॉल्टवर आणा, रेझने पाठवा आणि त्याचा ब्लॉक काढा. प्रोसेस इथे थांबते. एफजीने (थांबलेली प्रोसेस पुढे आणणाऱ्या शेल कमांडने) परतल्यावर ब्लॉक पुन्हा लावा, हँडलर परत बसवा, टर्मिनलची आत्ताची सेटिंग नव्याने ‘मूळ’ म्हणून घ्या, कारण मधल्या वेळात वापरणाऱ्याने ती बदललेली असू शकते. त्यानंतरच आपली लावा आणि एररनो पूर्ववत करा.

पार्श्वभूमीतल्या प्रोसेसने टीसीसेटॲटर केलं तर तिला सिगटीटीओयू येतो आणि ती थांबते. टोस्टॉप (पार्श्वभूमीतून छापणाऱ्याला थांबवणारा फ्लॅग) बंद असला तरी हेच होतं. एफजी करेपर्यंत ती तशीच लटकून राहते.

खिडकीचा आकार आयऑक्टलने विचारा आणि सिगविंच (आकार बदलल्याचा सिग्नल) आला की पुन्हा विचारा. उत्तर शून्य आलं, सीरिअल कन्सोलवर येतंच, तर ८० गुणिले २४ धरा.

सिगकिल अडवता येत नाही, त्याला उपाय नाही, म्हणून दुरुस्तीची रीत हाताशी हवी. टर्मिनल बिघडून टाइप केलेलं दिसत नसेल तर कंट्रोल-जे दाबा, आंधळेपणानेच एसटीटीवाय सेन टाइप करा, पुन्हा कंट्रोल-जे. एंटर चालत नाही, कारण आयसीआरएनएल बंद असताना एंटरचा १३ तसाच पोहोचतो आणि वाचणारा १० ची वाट पाहतो. दुसऱ्या खिडकीतून एसटीटीवायला -एफ पर्यायाने बिघडलेल्या टर्मिनलचा पथ देऊनही हेच जमतं. रंग किंवा पडदाही बिघडला असेल तर रीसेट कमांड लागते, सेन फक्त टर्मिओसपुरतं आहे.

चाचणी बॅशच्या प्रॉम्प्टवरून करू नका. प्रोग्रॅम सिग्नलने मेला की बॅश टर्मिनल स्वतः सावरतं आणि तुमची चूक झाकली जाते. एक छोटी शेल स्क्रिप्ट करा: सुरुवातीला आयएनटीसाठी ट्रॅप, त्यात फक्त कोलनची (:) रिकामी कमांड, मग सगळी सेटिंग एका ओळीत छापणारी एसटीटीवाय -जी, मग तुमचा प्रोग्रॅम, मग पुन्हा एसटीटीवाय -जी. छापलेल्या दोन ओळी अक्षरशः एकसारख्या हव्यात. साधं संपणं, कंट्रोल-सी, दुसऱ्या खिडकीतून किल आणि मुद्दाम घडवलेला सेगफॉल्ट, अशा चारही मार्गांनी ती चालवा. कंट्रोल-झेड आणि एफजी मात्र शेलच्या प्रॉम्प्टवरूनच तपासावं लागतं.